रकाना सत्तावीस

८ जानेवारी, सोमवार

शेवटचे सत्र आजपासून सुरू झाले. वर्ग चौथ्या मजल्यावर आहे. दुसऱ्या मजल्यावर थांबलो, खिडकीतून बाहेर काही पाहत असल्यासारखे केले आणि दम घेतला. बरोबरची मुलेमुली पुढे निघून गेली. एकीने वळून विचारले, "काका, बॅग देता का?" दिली नाही. वर पोचल्यावर वाटले, द्यायला हवी होती.

एकोणपन्नासाव्या वर्षी वसतिगृहात राहून शिक्षण धोरणाची पदव्युत्तर पदवी घेतोय, हे मला स्वतःलाच अजून खरे वाटत नाही. अकरा वर्षे ओढ्यापलीकडच्या एका वस्तीवर दोन शिक्षकी शाळेचा हेडमास्तर होतो. पुढची चार वर्षे शिक्षण कचेरीत शाळांचे कागद तपासले. मग खात्याने दोन वर्षांची अभ्यास रजा दिली. इतक्या मास्तरांतून माझीच निवड का झाली, ते मी विचारले नाही. देवाच्या मनात काही असेल, असे धरून आलो.

जूनअखेर रजा संपते. तोवर प्रबंध पुरा करायचा आहे. विषय माझ्या मार्गदर्शक मॅडमनी दिला आहे. खात्याचा नवा नियम असा: ज्या शाळेत वीसपेक्षा कमी मुले आहेत आणि जिच्यापासून दोन किलोमीटरच्या आत दुसरी शाळा आहे, ती शाळा बंद करून मुले त्या दुसऱ्या शाळेत घालायची. याला समायोजन म्हणतात. अकराशे शाळांच्या वार्षिक माहितीपत्रकांतून अशा शाळा निवडून यादी करायची आहे. तोच माझा प्रबंध आणि तीच खात्याची यादी.

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही शाळेतून आलेला माणूस. तुमच्या यादीला वजन येईल." संध्याकाळभर ते वाक्य मनात घोळवत होतो.

११ जानेवारी, गुरुवार

दिवसभरात एकच लेख वाचून झाला. अठ्ठावीस पाने. त्यात 'एकक' हा शब्द एकसष्ट वेळा आला आहे आणि 'मूल' चार वेळा. मोजत बसलो, म्हणजे मी किती थकलो असेन.

१९ जानेवारी, शुक्रवार

संगणकाच्या खोलीत सहा तास. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते आहे. शिकवायला शेजारी वर्गातली ती बॅगवाली मुलगी असते. मी मनात तिला तक्तेवाली म्हणतो. तिच्या बोटांखाली तक्ते आपोआप जागेवर बसतात.

"काका, माऊस असा धरू नका, पळून जाणार नाही तो."

"हाताला खडूची सवय आहे गं."

"खडू इतका घट्ट धरलात तर मोडेल."

"मोडायचाच. रोज तीन मोडायचे."

ती हसली. मग तिने अकराशे ओळी अशा एका झटक्यात गाळून दाखवल्या की मला धान्य पाखडणारी आई आठवली. फरक एवढाच की आई सुपात काय उरले ते हाताने चाचपून पाहायची.

शाळांची नावे तक्त्यात नाहीत. फक्त नऊ आकडी संकेतांक आहेत. नावे असली की माणूस पक्षपात करतो, असे मॅडमचे मत. मला ते पटले.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

यादी झाली. अकराशेतून त्रेचाळीस. पटसंख्येचा रकाना नऊ आणि जवळच्या दुसऱ्या शाळेच्या अंतराचा रकाना सत्तावीस, दोन्ही लावून दोनदा ताडून पाहिली. एक ओळही इकडची तिकडे झाली नाही.

मॅडमनी चहा मागवला. मी त्यांच्या खोलीत खुर्चीवर बसून चहा घ्यायची ही पहिली वेळ. एकवीस तारखेला संचालकांपुढे मांडायची आहे. अहवालावर माझे नाव पहिले आणि मॅडमचे दुसरे राहील. मी म्हणालो, "मॅडम, मार्गदर्शन तुमचं, नाव तुमचं आधी असू द्या." त्या म्हणाल्या, "नाही नाही. ही तुमची यादी आहे. लोकांनी विचारलं तर तुमचंच नाव सांगेन."

मोठ्या मनाची बाई. खोलीवर आल्यावर देवाचे नाव घेतले. आयुष्यात कुठल्याही छापील कागदावर माझे नाव पहिले आलेले नाही.

३ फेब्रुवारी, शनिवार

घरी फोन केला. हिला यादीचे सांगितले. मला वाटले होते आनंद होईल.

ती म्हणाली, "आपली शाळा नाही ना त्यात?"

"अगं, नावं नसतातच त्यात. आकडे असतात."

"आकडा पाठ असेल की तुम्हाला. अकरा वर्षं प्रत्येक कागदावर लिहीत होतात."

"आहे पाठ."

"मग बघा."

पुढे तिने औषधाच्या दुकानाचे काही सांगितले, ते माझ्या लक्षात राहिले नाही. फोन ठेवताना तिचा आवाज पडलेला वाटला. एकटीने दोन वर्षे घर सांभाळायचा कंटाळा आला असणार. जून संपला की सगळे सुरळीत होईल.

४ फेब्रुवारी, रविवार

सकाळी यादी पुढे घेतली. एकतिसावी ओळ.

दोनदा ताडून पाहिलेल्या यादीत माझ्या स्वतःच्या शाळेचा आकडा मला दिसला नाही. डोळा फक्त रकाने पाहत होता.

पट चौदा. रकाना सत्तावीस: दीड किलोमीटर.

आता जे आहे ते इथे तरी सरळ लिहावे. मी त्या शाळेवर गेलो तेव्हा ओढ्यावर पायी जायचा लोखंडी पूल होता. त्यावरून पलीकडची शाळा दीड किलोमीटर. तिसऱ्या वर्षी पूल पडला आणि पुन्हा बांधला गेला नाही. तेव्हापासून पलीकडे जायचे तर सडकेने मोठा वळसा. पुढची आठ वर्षे मी रकाना सत्तावीसमध्ये दीडच लिहिले.

कारण साधे आहे. मागच्या वर्षीचे माहितीपत्रक डावीकडे ठेवायचे, नवे उजवीकडे आणि उतरवत जायचे. पट, वर्ग, हजेरी बदलते, ती बदलायची. इमारत, विहीर, अंतर हे न बदलणारे रकाने. त्यात एक आकडा बदलला की कचेरीतून कागद येतो: मागील वर्षीच्या माहितीशी तफावत, तीन प्रतींत खुलासा करावा. खुलासा केला की जोडपत्र, जोडपत्र दिले की पाहणी. हे सगळे टाळायला हेडमास्तर मंडळी न बदलणारे रकाने डोळे मिटून उतरवतात. पुढे कचेरीत बसलो तेव्हा तफावतीचे ते कागद काढायचे काम माझ्याकडेच होते.

हा खोटेपणा आहे असे मला कधी वाटले नाही. आज वाटते आहे. आज प्रार्थनेला बसलो, पण मन लागले नाही.

७ फेब्रुवारी, बुधवार

तीन दिवस लागले. आज मॅडमना सांगितले. त्या रागावल्या नाहीत, हेच नवल.

"बरं झालं बोललात. ती एक ओळ काढून टाका. बेचाळीस होतील."

"एवढंच?"

"मग काय? तुम्हाला खात्री आहे ना सडकेने लांब आहे याची?"

"आहे."

"मग झालं. माणूस म्हणून चूक होते, अहवाल म्हणून होता कामा नये."

खोलीबाहेर आलो तेव्हा जिन्याचा कठडा धरावा लागला, इतके हलके वाटले. शाळा वाचली, अहवाल वाचला, माझे नावही राहिले. देवाचे लक्ष असते ते हे असे.

८ फेब्रुवारी, गुरुवार

माझ्यामागून त्या शाळेवर आलेल्या बाईंना फोन केला. यादीचे बोललो नाही. फक्त विचारले, रकाना सत्तावीसमध्ये काय लिहिता?

"दीड, सर. तुमचंच उतरवलंय."

"सडकेने किती पडतं, पाहिलंत का कधी?"

"सहाच्या वर असेल. मला पहिल्या वर्षी वाटलं, हे दीड कुठून काढलं असेल? म्हटलं सरांनी नकाशावर पट्टी लावली असेल."

"पूल होता तिथं."

"कुठं?"

"ओढ्यावर."

"पूल होता होय इथं?" बाई म्हणाल्या. "मला कुणी बोललंच नाही."

सहा वर्षे ती बाई नसलेल्या पुलावरून मुलांना कागदावर पलीकडे नेत होती आणि तिला पूल होता हेही ठाऊक नव्हते.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

तक्तेवालीला राहवले नाही. एक ओळ का काढली म्हणून विचारत होती, शेवटी सांगितले. तिने मागच्या दहा वर्षांची माहितीपत्रके काढली आणि बेचाळीस शाळांचा रकाना सत्तावीस शेजारी शेजारी लावला.

एकोणचाळीस शाळांमध्ये दहा वर्षांत दशांशसुद्धा हललेला नाही.

"काका, ही बघा, ओळ नऊ. या शाळेची इमारतच पाच वर्षांपूर्वी दुसरीकडे बांधली. रकाना चौदामध्ये लिहिलंय तसं. शाळा हलली, अंतर हललं नाही. डोंगरसुद्धा इतके एकनिष्ठ नसतात."

मला हसू आले, मग मी ती ओळ पुन्हा वाचली.

"सगळेच चूक असतील असं नाही," मी म्हणालो.

"नसतील. पण कुठले बरोबर ते कुणाला माहीत आहे?"

मग ती हळूच म्हणाली, "काका, अहवालावर पहिलं नाव कुणाचं आहे?"

"माझं."

"आणि कुठल्या गावातून कुणी भांडायला आलं तर?"

तिला वाटले असेल, एवढी मेहनत करून आपले नाव कुठेच नाही. साहजिक आहे. मॅडमना सांगून आभारात तरी तिचे नाव घालायला हवे.

१८ फेब्रुवारी, रविवार

दोन वेळचे जेवण गेले नाही. चूप बसलो तर काय बिघडते, ते कागदावर लिहून पाहिले. पदवी मिळते. खात्यात मान राहतो. जूनमध्ये घरी जातो. बेचाळीस शाळांपैकी किती खरोखर जवळ आहेत ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसणे हे पाप नाही.

मग तोच कागद पुन्हा वाचला. ठाऊक नसणे पाप नाही, पण ठाऊक नाही हे मला पक्के ठाऊक आहे.

हिला फोन केला. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "पूल पडला त्या वर्षी मी तुम्हाला दोनदा म्हटलं होतं, वर कळवा म्हणून. तुम्ही म्हणालात, खुलासे कोण लिहील."

मला आठवत नाही. पण ती खोटे बोलत नाही.

२१ फेब्रुवारी, बुधवार

झाले. जसे झाले तसे लिहितो, नाहीतर उद्या माझे मलाच दुसरेच काही आठवेल.

लांब टेबल, संचालक मधोमध, दोन्हीकडे अधिकारी, टोकाला इतिवृत्त लिहिणारे बाबू. मॅडमनी माझी ओळख करून दिली. बेचाळीस शाळांचा तक्ता पडद्यावर आला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, यातला रकाना सत्तावीस खरा मानू नये."

मॅडमनी माझ्याकडे पाहिले नाही. पाणी प्यायल्या.

संचालक म्हणाले, "म्हणजे? माहिती तुमच्याच लोकांनी भरलेली आहे ना?"

"आम्हीच भरली आहे, म्हणूनच सांगतोय. मी आठ वर्षं पडलेल्या पुलावरचं अंतर लिहिलं."

"तुमची शाळा काढली आहे यादीतून, मॅडमनी कळवलंय मला."

"हो साहेब. पण रकाना तोच आहे."

"तुम्ही बेचाळीसपैकी किती मोजल्यात?"

"एकही नाही."

"मग कशाच्या जोरावर बोलताय?"

"हेडमास्तर कसे उतरवतात ते मला ठाऊक आहे. आणि वेगळं लिहिलं तर कचेरीतून काय कागद जातो, तेही. तो मीच काढायचो."

कुणीतरी हसले. संचालकांना हसू आले नाही. त्यांनी बाबूकडे पाहिले, तर बाबू लिहीत होता. "लिहिलंत का हे?" "लिहिलं, साहेब." मग त्यांनी कपाळ चोळले. एकदा इतिवृत्तात आले म्हणजे डोळ्यांआड करता येत नाही.

निकाल असा: तीस एप्रिलपर्यंत मी स्वतः अंतरे मोजून द्यायची, प्रत्येक कागदावर त्या त्या हेडमास्तरची सही आणि शिक्का. मोजून दोनच्या वर निघेल ती शाळा यादीतून बाहेर. आत निघेल ती, आणि मोजायची राहील ती, यादीत कायम.

बाहेर व्हरांड्यात मॅडम म्हणाल्या, "तुमचं चौथं प्रकरण त्या रकान्यावर उभं होतं. ते गेलं म्हणजे प्रबंध गेला. जूनपर्यंत नवा होणार आहे का तुमच्याकडून?"

"बहुतेक नाही."

"आधी मला येऊन सांगता आलं असतं."

"सांगितलं होतं, मॅडम."

"एका ओळीचं सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. तेही खरे आहे. त्यांच्या डोळ्यांखाली काळे आलेले आज पहिल्यांदाच दिसले. माणसे आपापल्या जागी थकलेली असतात.

३ मार्च, रविवार

स्थापत्य विभागाकडून रस्ता मोजायचे चाक मिळाले. लांब दांडा, खाली सायकलीपेक्षा लहान चाक, वर आकडे फिरणारी डबी. चालत ढकलत न्यायचे. तक्तेवालीने आणून दिले आणि बजावले, "काका, माऊससारखं धरू नका हे."

ही सकाळच्या गाडीने येऊन उतरली. मी बोलावले नव्हते. "घरात बसून कंटाळा आला," म्हणाली. पायात नवे बूट होते. कपड्यांची पिशवी, एक डबा, एक पाण्याची बाटली आणि एक छत्री. महिनाभर राहायच्या तयारीनेच आली होती. वसतिगृहाजवळ तिच्या मावसबहिणीकडे सोय करून आली होती, हे नंतर कळले.

पहिली आमचीच शाळा मोजली, यादीत नसली तरी. मोजल्यावाचून पुढे जाववेना. सडकेने सहा किलोमीटर चारशे दहा मीटर. चाक निम्म्या वाटेवर हिने घेतले. शेवटच्या चढावर म्हणाली, "या उन्हात चौदा मुलं चालवणार होतात तुम्ही."

"मी नाही, रकाना."

"रकाना काय, चालून येतो होय?"

१७ मार्च, रविवार

अकरा शाळा झाल्या. अकराही दोनच्या वर. एक तर नऊ किलोमीटर निघाली, कागदावर एक पूर्णांक दोन. तिथल्या हेडमास्तरांनी डोक्याला हात लावला. "अहो, हे माझ्या आधीच्या आधीच्यांनी लिहिलंय. ते आता हयात नाहीत, नाहीतर विचारलं असतं."

बातमी पसरली आहे. रोज दोनतीन हेडमास्तरांचे फोन येतात: आधी आमच्याकडे या. त्या क्रमाने जातो. गुडघे संध्याकाळी बोलतात, पण मन बऱ्याच दिवसांनी शांत आहे. मला आता कळते, देवाने मला पदवीसाठी इथे आणलेच नव्हते. या कामासाठी आणले.

तक्तेवालीला फोनवर आकडे सांगितले. ती म्हणाली, "काका, तुम्ही बोलावतील तिथंच जाताय."

"मग? न बोलावता कुणाच्या शाळेत कसं जायचं?"

तिने पुढचा आकडा विचारला.

७ एप्रिल, रविवार

एकोणीस झाल्या. एकोणीसही बाहेर. हिच्या टाचेला फोड आले आहेत. बूट लागतात म्हणाली. घरी जा म्हटले तर म्हणाली, "आकडा वाचायला तुम्हाला चष्मा काढावा लागतो आणि घालावा लागतो. मी लगेच वाचते."

आज उंच मास्तरचा फोन आला. आम्ही शिक्षक प्रशिक्षणाला एका खोलीत होतो. थंडीत एकच कांबळे होते, तो उंच म्हणून त्याचे पाय नेहमी बाहेर राहायचे आणि तो कधी ओढून घ्यायचा नाही. त्याची शाळा यादीत आहे हे त्याच्याच तोंडून कळले.

"अरे माझ्याकडे केव्हा येणार? साहेब झालास म्हणून विसरलास?"

"कसला साहेब. चाक ढकलतोय."

"ये तर. आमच्याकडे दीड लिहिलंय, पण मी तर तीनच्या खाली धरत नाही. रोज दमून जातात पोरं पलीकडे खेळायला गेली की."

शुक्रवारी येतो म्हटले.

१२ एप्रिल, शुक्रवार

सकाळी साडेनऊला उंच मास्तरच्या शाळेत पोचलो. एक खोली, एक पडवी, भिंतीवर मुलांनी काढलेली झाडे. पट अकरा. सगळ्यांनी उभे राहून नमस्ते म्हटले. एक अगदी लहान मुलगी उभी राहून बसायचीच विसरली. मास्तरने तिला न रागावता हाताने खाली बसवले. केस पूर्ण पांढरे झालेत त्याचे.

चाक शून्यावर आणले आणि शाळेच्या पायरीपासून निघालो. मी, ही आणि तो. तो बोलत होता. कांबळ्याची गोष्ट त्याने हिला सांगितली, त्यात पाय माझे बाहेर राहायचे असे सांगितले. मी दुरुस्त केले नाही. रस्ता चांगला होता. सरळ, सपाट, दोन्ही बाजूंना सावली. मला सुरुवातीपासून तो जरा जास्तच चांगला वाटत होता.

पलीकडच्या शाळेच्या फाटकाशी चाक थांबवले. हिने डबीकडे पाहिले आणि वाचून दाखवले नाही. मी चष्मा काढून पाहिले.

एक हजार आठशे वीस.

"किती?" मास्तरने विचारले.

मी सांगितले.

"हां, मग? दीड चूकच होता ना? मी म्हणत होतो."

"चूक होता. पण दोनच्या आतच आहे रे."

तो फाटकाकडे पाहत राहिला. आत त्या शाळेची मुले ओरडत खेळत होती. बरीच होती. मग म्हणाला, "चाक घसरलं असेल कुठं. परत मोजू."

परत मोजत आलो. अठराशे चोवीस. शाळेत पाणी प्यायलो आणि तिसऱ्यांदा निघालो. या वेळी चाक त्याच्या हातात दिले. तो अगदी सावकाश, एकेक वळण बाहेरून घेत चालत होता. मी अडवले नाही. अठराशे एकतीस.

"शेताच्या कडेनं एक वळशाची वाट आहे," तो म्हणाला. "पावसाळ्यात आम्ही तिकडून जातो. ती धरू या?"

"पावसाळ्यात हा रस्ता बंद असतो का?"

तो खोटे बोलला असता तर मी लिहिले असते. हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे माझे मला माहीत असावे. त्याने चाकाचा दांडा माझ्या हातात परत दिला. "बंद नसतो," म्हणाला. "चिखल होतो थोडा."

परत येऊन पडवीत बसलो. मुले सुटली होती. ही बूट काढून पायरीवर बसली. मी कागद पुढे घेतला.

मास्तर म्हणाला, "एकोणीस सोडवल्यास म्हणे तू."

"मोजल्या."

"आणि आधी तुझी."

"हो."

"तुझी तर चाकाशिवायच सुटली." आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. "दोनशे मीटरसुद्धा नाही रे कमी. दोनशे मीटर म्हणजे काय? तुमच्या कॉलेजच्या आवारातच संपत असतील."

काय उत्तर देणार? मी आठ वर्षे पाच किलोमीटर कमी लिहिले आणि कुणी विचारले नाही. आज एकशे ऐंशी मीटर जास्त लिहिले असते तर तेही कुणी विचारले नसते. माझा हात तयारही होता. हिच्याकडे पाहिले. ती टाचेवरची पट्टी नीट बसवत होती, वर पाहत नव्हती. मी १८२० लिहिले.

त्याने सही केली. शिक्का काढायला आत गेला, तो लवकर आला नाही. आला तेव्हा तोंड धुतलेले होते. शिक्का मारला, शाळेचे नाव अर्धेच उमटले. शाई लावून शेजारी पुन्हा मारला. "नाव तरी नीट दिसू दे," म्हणाला.

थांब्यापर्यंत सोडायला आला. गाडी येईपर्यंत हिच्याशी मुलांच्या खोड्यांचे बोलत होता. माझ्याशी बोलला नाही, पण चाक त्यानेच गाडीत चढवून दिले.

अजून बावीस शाळा राहिल्या आहेत. अठरा दिवस आहेत. त्या बावीसांतून एकाचाही फोन आलेला नाही. ज्यांना आपली शाळा लांब असल्याची खात्री, तेच बोलावत होते; तक्तेवाली काय म्हणत होती ते आता कळले. उद्यापासून न बोलावता जायचे.

आल्यावर हातपाय धुऊन नेहमीसारखा प्रार्थनेला बसलो. आज काही मागितले नाही. मागायला गेलो असतो तर एकशे ऐंशी मीटर मागितले असते.